मेंदूच्या रसायनाला वंशाचे लेबल

विशेष प्रतिनिधी

मेंदूतील रसायनांवर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकांची काही रूपे एका लोकसमूहात अधिक, तर दुसऱ्यात कमी आढळतात, याविषयी आता शास्त्रज्ञांत मतभेद नाहीत. मात्र या फरकावरून एखाद्या समाजाचा स्वभाव ठरविण्याचे प्रयत्न वारंवार फसले आहेत. भारतात जनुकीय माहितीचे मोठे भांडार उभे राहत असताना या फसलेल्या प्रयत्नांचा इतिहास समजून घेणे आवश्यक आहे.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात ऑगस्ट २००६ मध्ये मानवी जनुकशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. न्यूझीलंडमधील संशोधक रॉड ली यांनी तेथे माओरी पुरुषांच्या जनुकीय तपासणीची माहिती सादर केली. मेंदूतील रसायनांचे विघटन करणाऱ्या 'एमएओए' या जनुकाचे एक विशिष्ट रूप माओरी पुरुषांत युरोपीय वंशाच्या पुरुषांपेक्षा बरेच अधिक प्रमाणात आढळते, असे त्यांचे म्हणणे होते. वृत्तसंस्थांनी ही बातमी उचलली आणि दुसऱ्या दिवशी न्यूझीलंडच्या घराघरांत एकच शब्द पोहोचला : 'योद्धा जनुक'. माओरी समाजातील हिंसाचार, मद्यपान आणि गुन्हेगारी यांचे मूळ त्यांच्या रक्तातच आहे, असा अर्थ त्यातून काढला गेला. माओरी नेत्यांनी त्याला तीव्र आक्षेप घेतला. आपल्या म्हणण्याचा विपर्यास झाल्याचा खुलासा संशोधकांनी केला. परंतु तोवर शब्द सुटलेला होता.

या प्रकरणाला आता जवळपास दोन दशके उलटली आहेत. मधल्या काळात जनुकशास्त्र झपाट्याने पुढे गेले. २००६ मध्ये जे ठामपणे सांगितले जात होते, त्यातील बराचसा भाग आज टिकलेला नाही. तरीही 'अमुक समाजाच्या जनुकांतच तमुक दोष आहे' ही समजूत मात्र नव्या नव्या वेशात परत येत असते.

एका जनुकाचा प्रवास

मेंदूतील पेशी परस्परांशी संवाद साधतात तो सिरोटोनिन, डोपामाइन, नॉरअॅड्रिनलिन यांसारख्या रसायनांच्या मार्फत. काम झाल्यावर या रसायनांचे विघटन व्हावे लागते. ते करणारे एक विकर, अर्थात एन्झाईम, 'एमएओए' हे जनुक तयार करते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषात एक्स गुणसूत्र एकच असल्याने त्याच्याकडे या जनुकाची प्रतही एकच असते. या जनुकाच्या आरंभी असलेला एक छोटा तुकडा काहींमध्ये तीन वेळा, तर काहींमध्ये चार वेळा पुन्हा पुन्हा येतो. त्यावरून विकर कमी तयार होणार की अधिक, हे काही अंशी ठरते.

या जनुकाकडे जगाचे लक्ष वेधले ते १९९३ मध्ये. नेदरलँड्समधील एका कुटुंबातील अनेक पुरुष अधूनमधून हिंसक वर्तन करीत. हान ब्रुनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की, या पुरुषांमध्ये एका दुर्मीळ बिघाडामुळे हे जनुक पूर्णतः निकामी झाले होते. हा प्रकार जगात अत्यंत विरळा आहे. सर्वसामान्य लोकांमध्ये आढळणाऱ्या 'कमी' आणि 'अधिक' या रूपांशी त्याची गल्लत करता येत नाही. ती गल्लत पुढे सर्रास झाली.

नंतरचा महत्त्वाचा टप्पा २००२ चा. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करण्यात येत होता. त्यांतील ४४२ मुलग्यांचा अभ्यास अॅव्हशलोम कॅस्पी आणि टेरी मॉफिट यांनी केला. कमी विकर तयार करणारे जनुक आणि बालपणी झालेली मारहाण वा छळ या दोन्ही गोष्टी ज्यांच्या वाट्याला आल्या, असे तरुण या गटात केवळ १२ टक्के होते. परंतु हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर होत्या. ज्यांचे बालपण सुरक्षित गेले, त्यांच्यात मात्र हे जनुक असूनही असा परिणाम दिसला नाही. म्हणजे या अभ्यासाचा रोख जनुकाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, बालपणीच्या छळावर होता. शिवाय अभ्यासात घेतलेले सर्व मुलगे युरोपीय वंशाचे होते. माओरींविषयी हा अभ्यास काहीच सांगत नव्हता.

आकडे काय सांगतात?

'योद्धा जनुक' हा शब्दही माओरींच्या संदर्भात जन्मलेला नाही. माकडांवरील संशोधनाची माहिती देताना 'सायन्स' या नियतकालिकाने २००४ मध्ये तो वापरला होता. ली आणि त्यांचे सहकारी जेफ्री चेम्बर्स यांनी २००७ मध्ये जे आकडे प्रसिद्ध केले, त्यानुसार हे रूप माओरी पुरुषांत ५६ टक्के, तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत ३४ टक्के आढळले. त्यासाठी तपासलेल्या माओरी पुरुषांची संख्या पन्नासाहूनही कमी होती.

यापुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. चिनी पुरुषांच्या निरनिराळ्या पाहण्यांत हेच रूप निम्म्याहून अधिक जणांत, काही पाहण्यांत तर त्याहूनही पुष्कळ अधिक प्रमाणात आढळले आहे. पण चिनी लोकांना कोणी 'जन्मजात योद्धे' म्हटले नाही. याचे कारण उघड आहे. चिनी माणसाविषयीचा पाश्चात्त्यांच्या मनातला पूर्वग्रह वेगळा होता आणि माओरींविषयीचा वेगळा. आकडा एकच, अर्थ मात्र ज्याच्या त्याच्या पूर्वग्रहाप्रमाणे लावला गेला. आणि युरोपीय वंशाच्या पुरुषांतही दर तिघांमागे एकाकडे हे रूप आहेच. त्यांच्या युद्धांच्या इतिहासाचे स्पष्टीकरण जनुकात शोधावे, असे कोणाला सुचले नाही.

न्यूझीलंडच्या लोकसंख्येत माओरींचे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास आहे. तुरुंगांत मात्र निम्मे कैदी माओरी असतात. ही विषमता खरी आहे आणि गंभीर आहे. तिचा उलगडा करायचा तर १८४० च्या वैतांगी करारानंतर जमिनी कशा गेल्या, भाषा शाळेतून कशी हद्दपार झाली, शहरांत आलेल्या पिढ्यांना कोणती कामे मिळाली, पोलीस कोणाला आधी अडवतात, असे अनेक प्रश्न विचारावे लागतात. एका जनुकाचे नाव घेतले की हे सारे प्रश्न टाळता येतात. सरकारलाही ते सोयीचे आणि समाजालाही.

न्यायालयाच्या दारात

हा वाद केवळ वृत्तपत्रांपुरता राहिला नाही. इटलीतील त्रिएस्ते येथील अपील न्यायालयाने २००९ मध्ये खुनाच्या एका प्रकरणात मूळच्या अल्जीरियातील आरोपीची शिक्षा एक वर्षाने कमी केली. त्याच्याकडे 'एमएओए'चे कमी विकर तयार करणारे रूप असल्याचा तज्ज्ञांचा अहवाल हे त्यामागचे एक कारण होते. त्याच वर्षी अमेरिकेतील टेनेसी राज्यात एका खटल्यात हाच बचाव ज्युरीपुढे मांडण्यात आला आणि आरोपीला पूर्वनियोजित खुनाऐवजी त्याहून सौम्य गुन्ह्यासाठी दोषी धरण्यात आले.

या दोन्ही प्रकरणांत जनुकाचा फायदा आरोपीला झाला. पण ही दुधारी तलवार आहे. 'जनुकामुळे त्याने हे केले' हे मान्य केले, तर 'जनुकामुळे तो पुन्हाही हे करील' असे म्हणत त्याला अधिक काळ डांबून ठेवण्याची मागणी दुसरे न्यायालय करू शकते. आणि ज्या समाजात हे रूप अधिक, त्या समाजातील प्रत्येक तरुणाकडे संशयाने पाहण्यास मग आधार मिळतो. युरोपीय वंशाच्या तिघांपैकी एका पुरुषाकडे जे जनुक आहे आणि ज्यांतील बहुसंख्यांनी आयुष्यात कोणावर हात उगारलेला नाही, ते गुन्ह्याचा पुरावा कसे ठरणार, हा साधा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायला हवा.

सिरोटोनिनचा धडा

'एमएओए'पेक्षाही अधिक गाजावाजा झाला तो सिरोटोनिनची वाहतूक करणाऱ्या जनुकाचा. या जनुकाची एक 'आखूड' आणि एक 'लांब' अशी दोन रूपे आहेत. आखूड रूप असलेल्या व्यक्ती ताणतणावाच्या प्रसंगी नैराश्याला लवकर बळी पडतात, असा निष्कर्ष ड्युनेडिनच्याच मुलांच्या अभ्यासातून २००३ मध्ये पुढे आला. हे आखूड रूप युरोपात साधारण ४० ते ४५ टक्के, तर पूर्व आशियात ७० ते ८० टक्के आढळते. या हिशेबाने जपान, चीन, कोरियात नैराश्याची लाट असायला हवी होती. प्रत्यक्षात तेथील पाहण्यांत नैराश्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून कमीच नोंदवले जात होते.

हा विरोधाभास सोडविण्यासाठी २०१० मध्ये एक नवा सिद्धांत मांडण्यात आला. २९ देशांची तुलना करून असे सांगण्यात आले की, पूर्व आशियातील समूहप्रधान संस्कृती ही या जनुकापासून संरक्षण देण्यासाठीच विकसित झाली असावी. कल्पना आकर्षक होती. एकच अडचण होती : ज्या पायावर ही इमारत उभी राहिली, तो पायाच कच्चा निघाला. २००९ मध्येच अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून केलेले विश्लेषण प्रसिद्ध झाले होते आणि त्यात या जनुकाचा व तणावाचा असा संबंध आढळला नव्हता. २०१९ मध्ये तर नैराश्याशी जोडल्या गेलेल्या १८ गाजलेल्या जनुकांची, ४ लाखांहून अधिक लोकांपर्यंतच्या माहितीच्या आधारे, फेरतपासणी झाली. त्यातील एकाही जनुकाबाबतचा जुना दावा टिकला नाही. या जनुकांवर तोवर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले होते.

यात कोणाची लबाडी होती असे नव्हे. शे-दोनशे लोकांची तपासणी करायची, योगायोगाने काही संबंध दिसला की तो प्रसिद्ध करायचा आणि न दिसला तर निबंध कपाटात राहू द्यायचा, ही त्या काळातील संशोधनाची सर्वसाधारण रीत होती. आज चित्र बदलले आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात नैराश्याच्या सुमारे ७ लाख रुग्णांची माहिती होती आणि त्यातून सुमारे ७०० जनुकीय फरक हाती आले. त्यांतील प्रत्येकाचा वाटा कणभर आहे. नैराश्याचे, रागाचे किंवा धाडसाचे एकच एक जनुक असते, ही कल्पनाच आता मागे पडली आहे.

फरक खरे, पण कशासाठी उपयोगी?

मग लोकसमूहांतील जनुकीय फरकांना काहीच अर्थ नाही का? तसे मुळीच नाही. जेथे रसायनाचा मार्ग सरळ आणि ज्ञात आहे, तेथे हे फरक माणसाचा जीव वाचवू शकतात.

मद्याचे उदाहरण घेता येईल. शरीरात गेलेल्या मद्याचे विघटन करणाऱ्या एका विकराचे निकामी रूप पूर्व आशियात फार मोठ्या प्रमाणावर आढळते. अशा व्यक्तीचा चेहरा थोड्या मद्यानेही लाल होतो, मळमळते, छाती धडधडते. साहजिकच अशी माणसे व्यसनाकडे कमी वळतात. येथे जनुक आणि वर्तन यांचा संबंध स्पष्ट आहे. आणि तरीही जपानमधील नोंदी वेगळीच गोष्ट सांगतात. तेथील मद्यासक्त रुग्णांत हे 'संरक्षक' जनुक एका प्रतीत असलेल्यांचे प्रमाण १९७९ मध्ये २.५ टक्के होते. १९८६ मध्ये ते ८ टक्के आणि १९९२ मध्ये १३ टक्के झाले. अवघ्या तेरा वर्षांत जपान्यांची जनुके बदलली नव्हती. बदलली होती ती समाजाची मद्याकडे पाहण्याची रीत.

दुसरे उदाहरण अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या औषधाचे. कार्बामॅझेपिन हे स्वस्त औषध भारतातही सर्रास दिले जाते. काही रुग्णांत त्यामुळे त्वचा भाजल्याप्रमाणे सोलली जाते आणि प्राणावर बेतते. हा धोका 'एचएलए-बी १५०२' या जनुकीय रूपाशी निगडित असल्याचे तैवानमधील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २००७ मध्ये आशियाई वंशाच्या रुग्णांची आधी जनुकीय तपासणी करण्याची सूचना दिली. मात्र 'आशियाई' हा शब्दही येथे अपुरा पडतो. फिलिपिन्स, थायलंडच्या काही भागांत हे रूप १५ टक्क्यांहून अधिक लोकांत आढळते, भारतासह दक्षिण आशियात २ ते ४ टक्के, तर जपान आणि कोरियात एक टक्क्याहूनही कमी. एकाच वंशाच्या नावाखाली किती निरनिराळे लोक कोंबले जातात, याचा हा नमुना.

आपल्या देशातील उदाहरण आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजाचे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी स्नायू शिथिल करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एका औषधाचे विघटन करणारे विकर या समाजातील काहींमध्ये अत्यल्प असते. अशा रुग्णाचे स्नायू, श्वसनाच्या स्नायूंसह, अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वेळ लुळे राहतात. हा दोष या समाजात इतरांपेक्षा सुमारे शंभरपट अधिक आढळतो. त्याचे कारण 'वंश' नव्हे. फार पूर्वीच्या थोड्या कुटुंबांतून समाज वाढला आणि पिढ्यानपिढ्या लग्ने जातीतच होत राहिली, हे आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समूहांपैकी ८१ समूहांत असा परिणाम ठळकपणे दिसला. भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियेआधी विचारावा असा हा प्रश्न आहे. समाजाची प्रतवारी लावण्याचा नव्हे.

आपल्या दारातील प्रश्न

जन्माच्या आधारे समाजाचा स्वभाव ठरविण्याचे दुष्परिणाम महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि पारधी, कैकाडी, भामटा अशा अनेक जमातींवर 'जन्मजात गुन्हेगार' हा शिक्का बसला. हजेरी, परवाने, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती हे सारे त्यातून आले. त्या काळी जनुक हा शब्द प्रचारात नव्हता. 'रक्त' आणि 'वंश' हे शब्द पुरेसे होते. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली नाकाच्या मोजमापावरून जातींची क्रमवारी लावू पाहत होते. त्या काळी तेही विज्ञानच समजले जात होते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याने विमुक्त झाल्या. परंतु गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते, ही तक्रार आजही थांबलेली नाही. अशा समाजातील तरुणांत उद्या कोणी 'योद्धा जनुका'चे प्रमाण मोजले आणि ते शेजारच्या गावापेक्षा दहा टक्के अधिक निघाले, तर त्या आकड्याचे काय होईल, याची कल्पना करणे अवघड नाही.

हा प्रश्न काल्पनिक राहिलेला नाही. 'जीनोम इंडिया' या सरकारी प्रकल्पात देशातील ८० हून अधिक लोकसमूहांतील सुमारे १० हजार व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन करण्यात आले आणि जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांसाठी खुली झाली. हे काम अत्यंत मोलाचे आहे. जगातील अशा संशोधनात २०१८ पर्यंत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ७८ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. साहजिकच औषधांची मात्रा, रोगांचा धोका यांचे आडाखे त्यांच्यावरून बांधले गेले. भारतीय रुग्णाला नैराश्याचे वा अपस्माराचे कोणते औषध मानवेल, हे भारतीयांची माहिती जमविल्याखेरीज कळणार नाही. त्यामुळे 'ही माहितीच नको' अशी भूमिका घेणे म्हणजे आपल्याच रुग्णांचे नुकसान करणे होय.

प्रश्न आहे तो माहितीवर लावायच्या लेबलाचा. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जनुकीय फरकाचे मोजमाप म्हणून 'वंश' हा शब्द वापरू नये, अशी शिफारस केली. मानवी जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच सामावलेली असते, हे रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्येच दाखविले होते. एखाद्या समूहाची सरासरी कळली म्हणून समोर बसलेल्या माणसाचे जनुक कळत नाही. आणि जनुक कळले म्हणून त्याचा स्वभाव तर नाहीच नाही.

भारतात वंशाच्या जागी जात आणि जमात ही लेबले आहेत. ती केवळ प्रयोगशाळेच्या नोंदवहीत राहत नाहीत. लग्नाच्या जाहिरातीत, घरमालकाच्या प्रश्नात आणि पोलीस ठाण्याच्या यादीतही असतात. म्हणून कोणत्या कामासाठी समूहाचे नाव वापरता येईल आणि कोणत्या नाही, मेंदू व वर्तनाविषयीच्या संशोधनाला परवानगी कोण व कोणत्या अटींवर देणार, निष्कर्ष प्रसिद्ध होण्याआधी त्या समाजाचे म्हणणे ऐकले जाणार काय, याचे स्पष्ट नियम आताच व्हायला हवेत. न्यूझीलंडमध्ये ही चर्चा वाद पेटल्यानंतर सुरू झाली. आपल्याकडे ती आधी व्हावी, एवढी संधी अजून आहे.

वृत्तपत्रांचीही यात जबाबदारी आहे. ब्रिस्बेनच्या परिषदेतील निबंध किती जणांनी वाचला असेल? 'योद्धा जनुक' हे दोन शब्द मात्र सर्वांनी वाचले. उद्या एखाद्या भारतीय समाजाविषयी असा शोध हाती आला, तर बातमी देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारायला हव्यात : किती जणांची तपासणी झाली, दुसऱ्या कोणी ती पडताळून पाहिली काय आणि हेच जनुक इतर समाजांत किती आढळते. माओरींच्या बाबतीत हे तीन प्रश्न वेळेवर विचारले गेले असते, तर ती बातमी कदाचित छापलीच गेली नसती.